ध्रुवच्या अंगात शक्ती नाही, हीच गंमत

नवी पेठेत रद्दीवाल्याकडे सावलीला थांबलो आणि गठ्ठ्यात सुपर कमांडो ध्रुव या हिंदी कॉमिक्सचे जुने अंक हाताला लागले. दुपारभर फरशीवर पालथा पडून तेच वाचले. बाहेर सोलापूरचं ऊन, आत पंखा. आणखी काय पाहिजे!

राज कॉमिक्सचा हा हिरो १९८७ चा. लेखन अनुपम सिन्हांचं, चित्रंही त्यांचीच, आणि ते पानापानांवर कळतं. सर्कशीत वाढलेला पोरगा. पशुपक्ष्यांची बोली कळते, पण उडता येत नाही, गोळी लागली तर रक्त येतं. म्हणजे सुटका डोक्यानेच करायची. बुटातली स्केट्स, स्टारब्लेड म्हणजे फेकायची चांदणीसारखी पाती, शाळेतलं रसायनशास्त्र, जे हाताशी असेल ते. मग वाचणाराही त्याच्याबरोबर वाट शोधायला लागतो. आणि उडी मारताना त्याचं अंग कसं वळतं ते नीट बघा; झुल्यावर वाढलेल्याचंच अंग आहे ते.

राज कॉमिक्सचाच दुसरा हिरो नागराज, त्याचे सुरुवातीचे अंक मात्र चित्रांसाठी वाचावेत. चित्रं प्रताप मुळीकांची, आपल्या पुण्याच्या. अमर चित्र कथेत मुरलेला हात, त्यामुळे माणसं खरी वाटतात.

नंतरच्या जाडजूड विशेषांकांवर माझा राग आहे. दहा हिरो एका पानात कोंबायचे, खलनायकाने मारामारी थांबवून बेत सांगत बसायचं, आणि संवादांच्या फुग्यांखाली इतकी सुंदर चित्रं गुदमरायची. चित्रकारावर विश्वास ठेवा की राव!

कुणाकडे ध्रुवचे पहिले अंक असतील तर सांगा. वाचून जसेच्या तसे परत देईन.