तुम्ही विचारलंत म्हणून: रद्दीच्या भावातले सुपरहिरो

"एवढी इंग्रजी चित्रांची पुस्तकं, तीबी काळीपांढरी, पिवळ्या कागदाची. कशाला घेता वो?" बेळगावच्या शहापूरपासून खानापूरपर्यंत जो कोणी घरी येतो तो फळीकडे बघून हेच विचारतो. त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो: सीमाभागात मराठीसाठी एवढं चाललंय, आणि तुम्ही हे वाचता?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण तो मनाला लागतो. चित्रकथेची गोडी मराठीतल्या वेताळानंच (म्हणजे फँटमनं) लावली. त्याच्या गोष्टी छापणारी इंद्रजाल कॉमिक्स 1990 मध्ये बंद पडली, गोडी राहिली. इंग्रजी खंड वाचल्यानं मराठी सुटत नाही. एवढंच.

आता काळ्यापांढऱ्याचं. सुपरहिरोंच्या चित्रकथा छापणाऱ्या दोन अमेरिकी कंपन्यांपैकी मार्व्हलनं 1996 पासून जुन्या अंकांचे 'इसेन्शियल' नावाचे जाड खंड काढले, डीसीनं 2005 पासून 'शोकेस प्रेझेंट्स'. पाचशेच्या आसपास पानं, वर्तमानपत्राच्या जातीचा कागद, रंग नाहीत. स्पायडर-मॅनच्या पहिल्या खंडात 1962 ची पहिली गोष्ट, पुढचे 20 अंक आणि पहिला वार्षिक अंक, सगळं एका जागी. असा खंड वजनाला पाऊण किलोच्या आसपास भरतो. किलोवरच्या विक्रीत 200 रुपये भाव असला तर दीडशेला पडतो, म्हणजे एक अंक सात रुपयांना. मूळ अंकांच्या किमती आपल्यापैकी कुणाच्या आवाक्यात नाहीत.

घेताना खालची कड बघा. काळ्या मार्करची रेघ किंवा ठिपका असला तर ती न खपलेल्या शिलकी मालाची खूण, दोष नव्हे. पाठीला शिलाई नसते, नुसता गोंद. तो वाळून कडक झाला असला तर उघडताना करकर वाजतो आणि पान तिथंच सुटतं. म्हणून खंड मधोमध ताणून उघडू नका. आधी पुढची थोडी पानं, मग मागची थोडी, असं करत आत या. मधली पानं जरूर तपासा, कारण पाठीकडची चित्रं खोबणीत दडतात. कुबट वास आला तर भाव कितीही कमी असो, परत ठेवा. एका पुस्तकाची बुरशी सगळ्या फळीला लागते.

हे सगळं माहीत असूनही एका जुलैत घात झाला. फळी पश्चिमेच्या भिंतीला टेकलेली, आणि आपल्याकडचा पाऊस त्याच अंगानं झोडपतो. भिंतीतून ओल झिरपली. सर्वांत खालचे दोन खंड बुडापासून तीन बोटं भिजले. एक 'इसेन्शियल', दुसरा जॅक किर्बीच्या चित्रांचा रंगीत, चकचकीत, चौपट किमतीचा. दोन्ही पंख्याखाली उभे केले. चूक इथंच झाली. चकचकीत कागदावर पांढऱ्या मातीचा आणि चिकट द्रव्याचा लेप असतो. भिजला की लेप मऊ पडतो आणि वाळताना समोरच्या पानाला धरतो. तो खंड ओला असतानाच पानापानांत मेणकागद घालायला हवा होता, किंवा पिशवीत गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवायला हवा होता. चौथ्या दिवशी तो विटेसारखा झाला. पानं सोडवू गेलं की चित्राचा पापुद्रा निघे. एका चेहऱ्याचं नाक समोरच्या पानावर उमटलेलं होतं.

स्वस्तातला खंड मात्र वाचला. दर 20 पानांमागे कोरा कागद, दर दोन तासांनी बदललेला, ऊन किंवा इस्त्री अजिबात नाही, शेवटी दोन फळ्यांत घालून वर पाटा, आठवडाभर. पानं लाटांसारखी झाली आहेत, पण एकूण एक उघडतात.

म्हणून काळीपांढरीच खरी, असं पूर्वी ठासून सांगायचो. स्पायडर-मॅनचा चित्रकार स्टीव्ह डिटको यानं काढलेली बोटं, जाळ्याच्या रेघा, शाईचा प्रत्येक फटकारा स्पष्ट दिसतो. शिवाय मूळ रंग मळकट कागदासाठी ठिपक्याठिपक्यांनी योजलेले होते. पांढऱ्याशुभ्र कागदावर तेच भडक होतात. हे आजही म्हणतो. पण तेव्हा सांगायचं टाळलं ते हे: 1962 च्या पहिल्या अंकातला हल्क करडा होता. छपाईत करडा रंग एकसारखा येईना, म्हणून दुसऱ्या अंकापासून तो हिरवा झाला. काळ्यापांढऱ्या खंडात हा बदल दिसतच नाही. डेअरडेव्हिलचा पिवळा पोशाख सातव्या अंकात लाल होतो, तेही शाईत हरवतं. रंगाला किंमत नाही, हे म्हणणं खोटं होतं. आणि या स्वस्त कागदात लिग्निन हे लाकडातलं द्रव्य असतं. तो पिवळा पडणार, कडा तपकिरी होणार, एक दिवस तुटणारही.

आता 2013 पासून येणारे मार्व्हलच्या रंगीत 'एपिक कलेक्शन'चे खंडही स्वस्तात दिसले तर घेतो. त्यांचे क्रमांक कथेच्या क्रमानं असतात, छापण्याच्या नव्हे. म्हणून पहिल्यानंतर दुसरा खंड निघालेला असेलच, असं धरू नका. फळी भिंतीपासून चार बोटं पुढं आणली आहे, बुडाखाली विटा दिल्या आहेत. चिकटलेला खंड टाकवत नाही. बाहेरची बारा पानं अजून सुटी आहेत, तेवढी वाचतो.