पावणेचारची भरती

परवा बाबांना घेऊन रेवसला निघालो. भाऊच्या धक्क्यावरून लाँच सुटली तसे ते उजव्या कठड्याशी जाऊन उभे राहिले. वय 84, पण लाँचमध्ये बाकावर बसणं त्यांना कमीपणाचं वाटतं. थोड्या वेळानं म्हणाले, "अरे, प्रिन्सेसचं तोंड कुठं गेलं?"

"बुजवलं, बाबा. मागेच."

"मला कुणी सांगितलं नाही."

सांगितलं होतं. दोनदा.

बाबा गोदीत क्रेनवर होते. निम्मं आयुष्य प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया या मुंबईच्या जुन्या गोद्यांत गेलं. आमच्या वडाळ्याच्या क्वार्टरमध्ये कॅलेंडर त्यांच्या खाटेशी टांगलेलं असायचं आणि आईला एकादशी बघायला तिथं जावं लागे. जुन्या गोद्यांना दारं होती, ती भरतीच्या सुमारास उघडत, बोट आत यायची ती तेव्हाच. भरतीची वेळ काढायची कोकणी रीत म्हणजे तिथीची पाऊणपट. अष्टमीला सहा, दशमीला साडेसात. मी पाऊणकी शिकलो ती शाळेत नव्हे, बोटींच्या हिशेबानं.

ज्या किनाऱ्यावर ही गोदी झाली तो भरावाचा. 1858 मध्ये निघालेल्या एल्फिन्स्टन कंपनीनं इथला समुद्र मागे रेटायला घेतला, पुढे सरकारनं ती विकत घेतली आणि 1873 मध्ये पोर्ट ट्रस्ट आला. मशीद बंदर, लकडी बंदर, कोळसा बंदर ही नावं उरली. आज मशीद स्टेशनला उतरून बंदर शोधणाऱ्याला आधी ट्रकच्या रांगा ओलांडाव्या लागतात. मधला रस्ता आधी गव्हर्नर फ्रियरच्या नावाचा होता, नंतर गोदी कामगारांचे पुढारी पी. डिमेलो यांच्या नावाचा झाला. हा बदल मात्र मला मनापासून आवडतो.

प्रिन्सेस डॉक 1 जानेवारी 1880 ला सुरू झाला. पाणी 30 एकरांचं. तो खणताना चिखलाखाली शेकडो झाडं सापडली, बरीचशी खैराची, कित्येक उभीच्या उभी. म्हणजे समुद्राच्या आधीही तिथं जमीनच होती, रान होतं. पुढे अलेक्झांड्रा डॉक (आताचा इंदिरा) खणला, तेव्हा निघालेल्या मातीतून बॅलार्ड इस्टेटचे 22 एकर उभे राहिले. तिथल्या देखण्या इमारतींचे फोटो काढणाऱ्यांना आपण गोदीच्या गाळावर उभे आहोत हे ठाऊक नसतं. असू दे.

1989 मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झालं आणि माल हळूहळू खाडीपल्याड गेला. शेवटच्या वर्षांत बाबा पाळीवर जायचे, डबा खायचे, परत यायचे. ते रिटायर झाल्यावर प्रिन्सेस आणि व्हिक्टोरिया दोन्ही भरून टाकल्या, कंटेनर ठेवायला सपाट जागा हवी म्हणून. रान, समुद्र, भराव, गोदी, पुन्हा भराव. एकाच जागेनं किती वेळा कपडे बदलावेत!

मी हे सगळं लाँचवर सांगितलं. खैराच्या झाडांचं ऐकून बाबा म्हणाले, "हां, आमचा फोरमन सांगायचा." पण त्यांची काळजी वेगळीच होती. 14 एप्रिल 1944 ला व्हिक्टोरियात फोर्ट स्टिकीन बोट स्फोटात फुटली, तिच्यात सोन्याच्या विटा होत्या. गाळ उपसताना नंतरही अधूनमधून एखादी सापडली. एक तरी वीट अजून खाली आहे, अशी बाबांच्या टोळीची पक्की खात्री.

"म्हणजे तीपण बुजवली?"

"असेल तर बुजवली."

"गाढव आहेत." मग बराच वेळ गप्प. रेवसचा धक्का दिसायला लागल्यावर त्यांनी माझ्या मनगटावरचं घड्याळ वळवून बघितलं.

"आज पंचमी. पावणेचारला भरती. परतीची लाँच त्याच्या आसपासची घे, चढायला बरं पडतं."