पोपट पाळायचाय? आधी वजनकाटा आणा

पिंजरा, खेळणी, खाण्याची पाकिटं यांवर माणसं हौसेनं खर्च करतात. एक ग्रॅमपर्यंत मोजणारा साधा डिजिटल वजनकाटा मात्र घ्यायचा राहून जातो. माझ्या मते तो पिंजऱ्याच्याही आधी घरात यायला हवा. पोपट हा इतरांची शिकार होणारा पक्षी. थव्यात जो अशक्त दिसतो त्याच्यावर ससाण्याची झडप आधी पडते, म्हणून दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. तो पिसं फुलवून पिंजऱ्याच्या तळाशी बसला की घरचे म्हणतात, ‘काल संध्याकाळपर्यंत तर छान होता.’ छान नसतो. बऱ्याच दिवसांपासून छातीवरचं मांस उतरत असतं आणि पिसांखाली ते कुणाच्या लक्षात येत नाही. काटा मात्र ते दाखवतो.

वजनाची वेळ एकच ठेवायची: सकाळी, रात्रभर साठलेली पहिली मोठी शिट टाकून झाल्यावर आणि दाणा पोटात जायच्या आत. भरल्या पोटाचं वजन आणि रिकाम्या पोटाचं वजन यांची तुलना करण्यात काही अर्थ नाही. काट्यावर टी आकाराची लहानशी दांडी ठेवा, शून्य करण्याचं बटण दाबा आणि मग पक्ष्याला वर बोलवा. सुरुवातीचे काही दिवस काटा नुसता पिंजऱ्याशेजारी पडू द्या. मग दांडीजवळ आवडीचा एखादा दाणा, मग दांडीवर एक पाय टेकला तरी दाणा, असं करत नेलं की बहुतेक पोपट आपणहून चढायला लागतात. पकडून, फडक्यात गुंडाळून रोज वजन करू नका. वजन मिळेल, पण विश्वास जाईल. पकडावं लागलंच तर छाती दाबू नका. पक्ष्याला आपल्यासारखं श्वासपटल नसतं. छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच हवा आत-बाहेर होते, आणि घट्ट मुठीत तो गुदमरतो.

पाळल्या जाणाऱ्या पोपटांच्या जातींपैकी छोटा बजरीगर साधारण 30 ते 40 ग्रॅमचा, कॉकाटील 80 ते 110, मोठा आफ्रिकन ग्रे 400 ते 550. हे आकडे नुसते अंदाजासाठी. तुमच्या पक्ष्याचं ‘नेहमीचं वजन’ तुमच्याच वहीतून ठरतं. रोज एक-दोन टक्के इकडंतिकडं होतच असतं. सलग काही दिवस उतार दिसला तर कारण शोधायचं, आणि 10 टक्के घट झाली तर पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे न्यायचं, मग तो कितीही बडबडत असो. 35 ग्रॅमच्या बजरीगराला साडेतीन ग्रॅम म्हणजेच 10 टक्के. हातात धरून हा फरक कळणं शक्य नाही. महिन्यातून एकदा बोटानं छातीचं मधलं हाडही चाचपून बघा. दोन्ही बाजूंना मांस गोलसर भरलेलं हवं. हाड धारदार लागलं तर पक्षी वाळलाय. हाडाच्या जागी घळ लागली तर चरबी चढलीय.

वजनाच्या खालोखाल शिट. पिंजऱ्याच्या ट्रेमध्ये पांढरा साधा कागद घाला आणि रोज बदला. भुसा किंवा लाकडाचा चुरा घातला की वाचण्याजोगं काही उरत नाही, वर बुरशी येते ती वेगळीच. शिटेत तीन गोष्टी वेगवेगळ्या दिसतात: हिरवट किंवा तपकिरी घट्ट वळी, तिच्यावर पांढरी साय आणि भोवती स्वच्छ पाण्याचं वर्तुळ. रसाळ फळ खाल्लं की पाणी वाढतं, त्याला जुलाब म्हणत नाहीत. वळीच पातळ झाली तर ते जुलाब. रंगीत पेलेट (पक्ष्यांसाठी तयार मिळणाऱ्या खाद्याच्या गोळ्या) खाल्ल्या की वळी त्या रंगाची होते, यात घाबरण्यासारखं काही नाही. पांढरा भाग पिवळा किंवा हिरवा झाला तर यकृताकडे संशय जातो. शिट काळी, डांबरासारखी असेल तर आतड्यात वरच्या बाजूला रक्तस्राव होत असू शकतो. अख्खे न पचलेले दाणे दिसले तरी डॉक्टरांकडे न्यायला थांबू नका. आणि गर्द हिरवी, इवलीशी शिट म्हणजे पक्षी जवळजवळ काहीच खात नाहीये, वाटी भरलेली दिसत असली तरी.

वाटीचं हे प्रकरण नीट समजून घ्या. पोपट दाणा सोलून आतला गर खातो आणि टरफल तिथंच टाकतो. वरवर पाहिलं तर वाटी काठोकाठ भरलेली. फुंकर मारली की टरफलं उडतात आणि तळाला जेमतेम चिमूटभर दाणे निघतात. म्हणून रोज फुंकर मारायची आणि मगच किती खाल्लं ते ठरवायचं. सोलून खाणाऱ्या या पक्ष्यांना दळणासाठी वाळू किंवा खडे लागत नाहीत. उलट आजारी पक्षी खडे अधाशासारखे खातो आणि पचनमार्ग तुंबतो.

आता दाण्यांचं. नुसत्या दाण्यांवर पोपट वर्षानुवर्षं जगलेला दिसतो, म्हणून ते पुरेसं आहे असं लोक धरून चालतात. दाण्यांत, विशेषतः सूर्यफुलात, चरबी भरपूर आणि अ जीवनसत्त्व व कॅल्शियम अगदी तोकडं. अ जीवनसत्त्व कमी पडलं की नाक, सायनस आणि घशाचं अस्तर जाड होतं, संसर्ग वारंवार होतो. कॅल्शियमच्या कमतरतेनं आफ्रिकन ग्रेला आकडी येते. ‘मिक्स दाणे देतो, त्यात सगळं आहे’ हेही फसवं आहे, कारण पक्षी त्यातलं चरबीचं तेवढं वेचतो. बहुतेक जातींच्या रोजच्या खाण्यात निम्म्याहून अधिक पेलेट, मग गाजर, लाल भोपळा, रताळं, ढोबळी मिरची, हिरवा पाला आणि अगदी थोडं फळ असावं. दाणे शिकवणीच्या बक्षिसापुरते राखून ठेवा. लाल मिरचीही चालते. पक्ष्यांना तिखट लागतच नाही. अ‍ॅव्होकॅडो मात्र कधीच नाही, त्यातल्या पर्सिन नावाच्या विषानं पक्षी मरतो. चॉकलेट, कॉफी, दारू, कांदा-लसूण, खारवलेले पदार्थ आणि सफरचंदाच्या बियाही वर्ज्य. आपल्या तोंडातला घास भरवणंही नको, आपल्या लाळेतले जंतू त्यांना सोसत नाहीत.

दाण्यावरून पेलेटवर आणताना सर्वांत जास्त घोटाळे होतात, कारण ‘भूक लागली की खाईल’ असं मानलं जातं. लहान पक्षी पेलेटला खाणं म्हणून ओळखतच नाही. तो भरल्या वाटीसमोर उपाशी राहतो आणि एक-दोन दिवसांतच ढासळू शकतो. रीत अशी: आधी डॉक्टरांकडून पक्षी धडधाकट असल्याची खात्री करून घ्या. पीस गळतीच्या किंवा अंड्यांच्या काळात हा प्रयोग सुरूच करू नका. मग दाणे दिवसभर ठेवायचं बंद करून सकाळ-संध्याकाळ ठरावीक वेळी द्या आणि मधल्या वेळात फक्त पेलेट ठेवा. बजरीगर जमिनीवर टिपणारा पक्षी, त्याच्यासाठी बारीक पेलेट पांढऱ्या ताटलीत किंवा आरशावर पसरा आणि बोटानं टकटक करत ‘टिपून’ दाखवा. कॉकाटीलसाठी पेलेटचा चुरा किंचित ओलसर दाण्यांवर चोळला की दाणा सोलताना चव जिभेला लागते. आधीच पेलेट खाणारा दुसरा पक्षी नजरेसमोर असेल तर निम्मं काम झालं. या सगळ्या काळात वजन रोज. 5 टक्के घटलं तर दाणे पुन्हा वाढवा आणि आठवडाभर थांबा. कुणाचं दोन आठवड्यांत होतं, हट्टी कॉकाटीलला काही महिनेही लागतात. चोचीला चुरा लागलेला आहे आणि शिटेचा रंग बदललाय, तेव्हाच खरोखर खातोय असं समजा. वाटीतून नुसतं उडवून टाकणं म्हणजे खाणं नव्हे.

पाण्यात जीवनसत्त्वाचे थेंब घालण्याच्या मी विरोधात आहे. चव बिघडली की पक्षी पाणी कमी पितो, आणि जंतूंना त्यात आयतं खाद्य मिळतं. पाणी साधं, दिवसातून दोनदा बदललेलं. चिरलेली भाजी दोन-तीन तासांनी काढून टाका.

पिंजऱ्याबद्दल थोडक्यात: उंचीपेक्षा रुंदी महत्त्वाची, कारण पोपट आडवा उडतो. बजरीगरासाठी गजांमधलं अंतर 12 मिलिमीटरच्या आसपास हवं, नाहीतर डोकं अडकतं. स्वस्त जस्ताचा मुलामा असलेली जाळी टाळा. पक्षी ती कुरतडतो आणि जस्त पोटात जातं. कारखान्यातली एकसारखी गुळगुळीत दांडी पायांना वाईट, कारण दिवसभर भार तळव्याच्या त्याच जागी पडतो आणि तिथं घट्टे, पुढे जखमा होतात. वेगवेगळ्या जाडीच्या, औषध न फवारलेल्या झाडांच्या फांद्या लावा. पॉलिशपेपरचं वेष्टण दांडीवर चढवलं तर नखं झिजत नाहीत, तळवे मात्र सोलतात.

हवेबाबत तडजोड नाही. पक्ष्याच्या फुप्फुसातून हवा एकाच दिशेनं वाहते आणि प्राणवायू फार कार्यक्षमपणे शोषला जातो. विषही तसंच शोषलं जातं. नॉनस्टिक भांड्यावरचा पीटीएफईचा थर साधारण 260 ते 280 अंश सेल्सिअसच्या वर तापला की निघणाऱ्या वायूनं पोपट काही मिनिटांत दगावतो. रिकामा तवा मोठ्या आचेवर विसरला की एवढं तापमान सहज गाठलं जातं. दुसऱ्या खोलीतला पक्षीही यातून सुटेल याची खात्री नाही, आणि मागाहून खिडकी उघडून फायदा नाही. पोपट असलेल्या घरात ही भांडी नकोच. सिगारेट, सुगंधी मेणबत्त्या, फवारे यांनाही हाच नियम.

माद्यांच्या बाबतीत एक गोष्ट आवर्जून. पाठीवरून आणि पंखांखाली कुरवाळणं हे पोपटाच्या लेखी जोडीदाराचं वागणं आहे. त्यात अंधारा खोका, कपाटाचा कोपरा आणि रात्री उशिरापर्यंत दिवे असले की नर नसतानाही मादी अंड्यामागून अंडी घालत सुटते आणि शरीरातलं कॅल्शियम संपतं. मग एखादं अंडं आत अडकतं: मादी तळाशी पाय फाकून बसते, जोर लावते, श्वासागणिक शेपटी वरखाली होते. ही तातडीची वेळ, घरी तेल लावत बसायची नाही. खबरदारी सोपी आहे. डोकं आणि मान सोडून कुठेही कुरवाळायचं नाही, खोका काढून टाकायचा आणि रोज 10 ते 12 तास अंधार व शांतता द्यायची. कॉकाटील मात्र मिट्ट काळोखात दचकून पिंजऱ्यावर आपटतात, त्यांच्यासाठी मंद दिवा असू द्या.

आजारी पक्ष्याला डॉक्टरांपर्यंत नेताना ऊब सगळ्यात महत्त्वाची. लहान वाहतुकीचा पिंजरा घ्या, तळाशी पांढरा कागद, तीन बाजूंनी कापड, आत 29 ते 32 अंशांच्या आसपास तापमान. गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एकाच बाजूला ठेवा, म्हणजे नको वाटलं तर त्याला दूर सरकता येईल. चोच उघडी ठेवून धापा टाकायला लागला, पंख अंगापासून दूर धरले, तर ऊब जास्त झालीय. जबरदस्तीनं तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनलिकेत जातं. वजनाची वही, शिटेचा ताजा कागद आणि खाण्याचं पाकीट बरोबर घ्या. डॉक्टरांचे पहिले प्रश्न त्याबद्दलच असतात.