गुडघे टेकलेला सम्राट

संध्याकाळपासून व्हॅटिकनमधल्या एकाच भित्तिचित्राचे फोटो मोठे करकरून बघत बसलेय. ‘कॉन्स्टंटाईनचे दान’. चौथ्या शतकातला रोमन सम्राट कॉन्स्टंटाईन गुडघे टेकून बसलाय, रोम नगरीची छोटीशी सोनेरी मूर्ती पोप सिल्वेस्टरच्या हवाली करतोय. मागे सेंट पीटरच्या जुन्या चर्चचे पीळदार खांब. हे चित्र रंगत होतं तेव्हा त्या चर्चची पाडापाडी कधीचीच सुरू झाली होती, म्हणून हे खांब मला फार मोलाचे वाटतात.

हे चित्र ज्या दालनात आहे, त्याचं काम चित्रकार राफाएलकडे होतं. १५२० मध्ये तो गेला आणि जुलिओ रोमानो, पेन्नी या शिष्यांनी १५२४ पर्यंत ते तडीस नेलं.

पण हे दान कधी झालंच नव्हतं! पश्चिमेची सत्ता पोपला दिल्याचा तो दस्तऐवज आठव्या शतकात रचलेला, बनावट. इटालियन विद्वान लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्येच त्याची चिरफाड केली. जे कॉन्स्टँटिनोपल त्या कथित दानाच्या वेळी वसलंच नव्हतं, त्याचं नाव त्यात आलं कुठून? वाल्ला अरागॉनचा राजा अल्फोन्सो याच्या पदरी होता आणि अल्फोन्सोचं नेपल्सवरून पोपशी भांडण होतं, हे खरं. तरी मुद्दा बिनतोडच. १५२० मध्ये पोपच्या सत्तेला आव्हान देणाऱ्या जर्मन धर्मसुधारक ल्यूथरने तो वाचला आणि संतापला. आणि त्यानंतरही रोममध्ये चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर हा प्रसंग इतक्या निष्ठेने रंगवला गेला. मलाही राग येतो, चित्र देखणं आहे म्हणून जास्तच. कागदाशी निदान वाद घालता येतो. एवढ्या मोठ्या भिंतीवर गुडघे टेकलेल्या सम्राटाशी कसा घालायचा?

सिल्वेस्टरला चेहरा दिलाय तो तेव्हाच्या पोपचा, सातव्या क्लेमेंटचा. मे १५२७ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटपदी निवडून आलेल्या पाचव्या चार्ल्सच्या पगार थकलेल्या सैन्याने रोम लुटलं आणि हाच क्लेमेंट जीव वाचवायला कास्तेल सांतांजेलोच्या किल्ल्यात पळाला. याच दालनांच्या रांगेत, राफाएलच्या ‘दिस्पुता’ या भित्तिचित्रावर, त्या लुटीत कुणीतरी ल्यूथरचं नाव खरवडलं. त्या ओरखड्याचा फोटो मी बराच वेळ बघत होते. हात घाईचा आहे, पण अक्षरं लागतात.

१५३० मध्ये क्लेमेंटने चार्ल्सला सम्राटपदाचा मुकुट घातला, तोही रोममध्ये नाही, बोलोन्यात. भिंतीवरच्या चित्रापेक्षा त्या दोघांमधला खरा व्यवहार मला या एका समारंभात जास्त स्पष्ट दिसतो.