प्रोसिडिंगवर सही मागायला येतात, सभेला बोलवत नाहीत

जिल्हा परिषदेच्या शाळेत मूल घातलं की त्या शाळेच्या कारभारात तुमचाही शब्द असतो, आणि हे कुणी उपकार म्हणून देत नाही तर कायदाच सांगतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, जो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, त्याच्या कलम २१ मध्ये शाळा व्यवस्थापन समिती आहे. तिच्यात किमान पाऊण भाग पालक पाहिजेत आणि निम्म्या बायका पाहिजेत, वंचित घटकांतल्या मुलांच्या आईबापांना त्यांच्या प्रमाणात जागा पाहिजे. आपल्याकडे ही समिती १२ ते १६ जणांची असते, अध्यक्ष पालकांमधलाच, मुख्याध्यापक सचिव, आणि बाकी जागांवर ग्रामपंचायतीचा एक निवडून आलेला सदस्य, एक शिक्षक आणि शिक्षणातलं कळणारं गावातलं कुणीतरी. महिन्यातून एकदा तरी बसायचं, काय ठरलं ते लिहून काढायचं आणि ते लोकांना बघायला ठेवायचं.

एवढं सगळं दिलंय, तरी आमच्या वस्तीवरच्या कुठल्याही आईला विचारा की तुमच्या शाळेच्या समितीची शेवटची सभा कधी झाली, ती तुमच्याकडे बघतच राहील. मी स्वतः सदस्य झाले तेव्हा पहिले काही महिने मलाही सभा म्हणजे काय ते कळलं नाही कारण सभा माझ्यापर्यंत आलीच नाही, आलं ते रजिस्टर. दुपारी चौथीतलं एक पोरगं दारात, काखेत सभेत काय ठरलं ते लिहायचं जाडं पुठ्ठ्याचं प्रोसिडिंग बुक, पानात बोट घालून धरलेलं, "काकू, सरांनी सही सांगितलीय." पान उघडलं तर सगळं लिहून तयार. विषय क्रमांक एक, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे, खाली ठराव सर्वानुमते मंजूर. विषय दोन, प्राप्त अनुदानाच्या खर्चास मंजुरी देणे, खाली सर्वानुमते मंजूर. सूचक म्हणून जिचं नाव घातलेलं ती बाई त्या दिवशी दिवसभर सोयाबीन काढायला गेलेली, मी स्वतः तिला सकाळी टेम्पोत बसताना पाहिलेलं. आणि सगळ्यात शेवटी आयत्या वेळचे विषय, तिथे लिहिलेलं की कोणताही विषय आला नाही. आता विषय येणार तरी कुठून, सभाच झाली नाही तर.

मला ह्याचं वाईट वाटतं ते एवढ्यासाठी की ती सही फक्त सही नसते, त्या सहीचा अर्थ मी तिथे होते, मी ऐकलं, मला मान्य आहे. उद्या पोषण आहारात काही निघालं, छत गळलं, पैशाचा प्रश्न आला, तर दाखवायला ते पान आहे आणि त्यावर आम्हा सगळ्यांची नावं आहेत. म्हणजे जबाबदारी आमची आणि माहिती शून्य.

सरांना दोष देऊन मोकळं होता येत नाही हेही खरं. दोन शिक्षकी शाळा, एकेकाकडे दोन-दोन, तीन-तीन वर्ग, त्यात ऑनलाइन माहिती भरा, आज हा फॉर्म उद्या तो, निवडणूक आली की ड्युटी, आणि वरून आसपासच्या शाळांवर देखरेख करणाऱ्या केंद्रप्रमुखांना दर महिन्याला प्रोसिडिंग लिहिलेलं दिसलं पाहिजे. तपासणीला कुणी येतं ते बुक बघतं, सभा कुणी बघत नाही. मग माणूस बुक पूर्ण ठेवतो, सरळ आहे. तपासणाऱ्याने पान उलटून झाल्यावर बाहेर येऊन दोन पालकांना नुसतं विचारलं की काय हो, काय ठरलं मागच्या सभेत, तरी अर्ध्या शाळांतलं चित्र बदलेल असं मला वाटतं.

आणि ज्या सभा खरंच होतात त्यांची वेळ बघा. मंगळवारी अकरा वाजता. शाळेच्या दृष्टीने ती सोयीची वेळ आहे, पण ज्याचं पोट रोजंदारीवर आहे त्याने अकराला शाळेत यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडवायचा. मग सभेला येणार कोण, तर ज्याचं दुकान आहे, ज्याला गाडी आहे, ज्याला तसंही दिवसभर पारावर बसायचंय. आणि त्यांनीच मग ठरवायचं की पालकांना इंटरेस्ट नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय, "पालकांना कुठे इंटरेस्ट असतो हो ताई", अहो इंटरेस्ट आहे, पण त्याची किंमत एका दिवसाची मजुरी असेल तर तो दिसणार कसा? रविवारी सकाळी नाहीतर संध्याकाळी सातला ठेवा, चार दिवस आधी सांगा, विषय काय आहेत ते सांगा, आणि मग बघा किती येतात ते.

बायकांचं तर अजून वेगळंच. निम्म्या जागा बायकांच्या, म्हणून नावं बायकांची लागतात, पण खुर्चीवर कधी नवरा असतो कधी दीर. "ती घरीच आहे, मी आलोय ना." आणि कुणी काही बोलत नाही कारण सगळ्यांना सवय झालीय. ग्रामपंचायतीत हेच बघून बघून आपण ते शाळेतही चालवून घेतो. पण शाळेचे प्रश्न नीट माहीत कुणाला असतात, पोरीने डबा अर्धा का आणला, पाणी पीत नाही, दुपारनंतर पोट दुखतं म्हणते, हे कुणाला माहीत असतं? बाप सभेला आला तर तो रस्त्याचं बोलेल, कंपाउंडचं बोलेल, ज्याच्यात ठेका आहे त्याचं बोलेल.

एक सभा मात्र माझ्या चांगली लक्षात आहे. आम्ही दोघी-तिघींनी हट्टच धरला की सभा संध्याकाळी घ्या आणि सदस्य नसलेल्या पालकांनाही बसू द्या, बोलू द्या. समितीत मुलांचे प्रतिनिधीही असतात, ते सहसा पाणी द्यायला नाहीतर सतरंजी टाकायला वापरले जातात, पण त्या दिवशी सातवीतल्या मुलीला सरांनी स्वतःच विचारलं की तुला काही सांगायचंय का. ती आधी गप्प, मग खाली बघून म्हणाली, मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, एकजण आत गेली की दुसरीला बाहेर दार धरून उभं राहावं लागतं, म्हणून आम्ही पाणीच पीत नाही. सगळे एकदम शांत. त्याआधीच्या कितीतरी सभांच्या पानावर लिहिलेलं होतं, शौचालय सुस्थितीत आहे. लिहिणारा खोटं बोलत होता असं नाही, भांडं फुटलं नव्हतं, दार होतं, पाणी होतं, त्याच्या हिशोबाने सुस्थितीतच. कडीचं फक्त आत जाणारीलाच माहीत, आणि तिला आधी कुणी विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी एका पालकाने येऊन कडी बसवून दिली, फार खर्च पण नाही.

आता पैशाचं बोलते, कारण खरी अडचण तिथेच आहे, पैसा आला की सगळे दबक्या आवाजात बोलायला लागतात. समग्र शिक्षा ह्या सरकारी योजनेतून शाळेला दरवर्षी संयुक्त शाळा अनुदान येतं आणि ते पटावर, म्हणजे मुलांच्या संख्येवर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर १० हजार, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १००० पर्यंत ७५ हजार आणि त्याच्या वर १ लाख. ह्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे. हे काही गुपित नाही, पण हा आकडा गावात सांगा, लोक म्हणतात एवढे पैसे येतात? आणि दुसरं वाक्य लगेच, मग जातात कुठे? सांगितलं नाही म्हणून हे दुसरं वाक्य येतं. २५ हजारात वर्षभराचे खडू-डस्टर, वीजबिल, किरकोळ दुरुस्ती, रंग, टाकी साफ करणं, सगळं बसवायचं तर पैसे उरत नाहीत, उलट सर कधीकधी पदरचे घालतात. पण ते कळणार कधी, कॅशबुक आणि व्हाउचर सभेत टेबलावर ठेवून कुणीतरी मोठ्याने वाचलं तरच ना. वर्षभराचा जमाखर्च फळ्यावर लिहायला एक तास लागतो. ज्या मुख्याध्यापकाने तो लिहिला त्याच्याबद्दल गावात कुजबुज टिकत नाही, हे मी बघितलंय.

आणि पालकांनाही सांगते, हिशोब विचारला म्हणजे कुणाला चोर म्हटलं असं होत नाही. अनुदान कसं वापरलं त्यावर लक्ष ठेवणं हे समितीचं कामच आहे, कलम २१ मध्ये ते लिहिलेलं आहे. पण विचारायची पण एक पद्धत असते. सभेत उठून "पैसे खाल्ले" म्हणायचं आणि निघून जायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर गटबाजी करायची, सरपंचाच्या निवडणुकीचा राग शाळेवर काढायचा, हेही आमच्याकडे झालंय आणि मग सर लोक म्हणतात बघा, म्हणूनच सभा नको. त्यांचंही चुकत नाही. पण माझा अनुभव असा की दार बंद ठेवल्याने गटबाजी कमी होत नाही, फक्त ती सभेतून उठून चहाच्या टपरीवर जाते, आणि तिथे कुणाकडे व्हाउचर नसतं.

पोषण आहाराचंही तसंच. ह्या योजनेला आता पीएम पोषण म्हणतात, पहिली ते पाचवीच्या मुलाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम, असं ठरलेलं आहे. मुलांना वाढण्याआधी मोठ्या माणसांनी चव घ्यायची, त्यात एक तरी शिक्षक पाहिजे, आणि समितीने ह्या सगळ्यावर नजर ठेवायची. आमच्याकडे चव रजिस्टरवर घेतली जायची, "चव उत्तम". तिथे खरोखर कुणा आईने जाऊन आठवड्यातून एकदा खिचडी खाल्ली तर स्वयंपाक करणाऱ्या मावशींनाही बरं वाटतं, कारण डाळ कमी आली तर ते सांगायला त्यांनाही कुणीतरी हवं असतं.

सभा होतच नसेल, मागून कागद मिळत नसेल तर रस्ते आहेत. माहिती अधिकारात साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांत उत्तर. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे जिल्हा परिषद-पंचायत अशा स्थानिक संस्थेकडे, लेखी तक्रार करता येते आणि तिचा निकाल तीन महिन्यांत लावायचा असतो. पण ज्याचं लेकरू रोज त्याच शाळेत जाऊन बसतं तो अर्ज टाकायला घाबरतो, आणि ही भीती मला समजते. म्हणून माझं म्हणणं असं की हे शेवटचं पाऊल असावं, आधी एवढंच मागा की सभा झाली की प्रोसिडिंगच्या पानाचा फोटो पालकांच्या ग्रुपवर टाका. कायद्यानेच ते पान लोकांसाठी खुलं आहे, नवीन काही मागत नाही आपण. पान सगळ्यांनी बघितलं तर न झालेली सभा लिहिणं फार अवघड होतं.

खाजगी विनाअनुदानित शाळांना कलम २१ लागू नाही, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. तिथे फी विनियमनाच्या कायद्यातली पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती असते, तिच्यातले पालक इच्छुकांमधून चिठ्ठ्या टाकून निवडायचे असतात आणि फीवाढीचा प्रस्ताव तिच्यापुढे यावा लागतो. तुमच्या शाळेत चिठ्ठ्या सगळ्यांसमोर काढल्या की यादीच थेट नोटीस बोर्डावर आली, एवढं तरी विचारून बघा. त्या शाळांबद्दल मला आतून फार माहिती नाही म्हणून जास्त लिहीत नाही.

सध्या माझ्या डोक्यात शाळा विकास आराखडा आहे. कलम २२ प्रमाणे तो समितीने बनवायचा असतो, तीन वर्षांचा, त्यात पट किती होणार, शिक्षक किती लागणार, खोल्या काय पाहिजेत, पैसे किती, सगळं. गावाला शाळेकडून काय हवंय ते लिहून द्यायची ही एकच अधिकृत जागा आहे आणि बहुतेक ठिकाणी मागच्या वेळची फाईल उघडून तारीख बदलली जाते. ह्या वेळी आम्ही ठरवलंय की आराखड्यासाठी वेगळी पालकसभा घ्यायची, संध्याकाळी, ऊसतोडीला जाणारी कुटुंबं गाव सोडायच्या आत, कारण त्यांच्या पोरांचं मागे काय करायचं हा विषय त्यांच्याशिवाय ठरवण्यात काही अर्थ नाही. विषयपत्रिका चार दिवस आधी ग्रुपवर आणि दुकानाच्या भिंतीवर लावायची, कॅशबुक सोबत आणायचं सरांनी कबूल केलंय. पाण्याची टाकी शेवटची कधी धुतली हा प्रश्न मी आधीच लेखी देऊन ठेवलाय, म्हणजे आयत्या वेळचे विषय ह्या रकान्यात ह्यावेळी तरी काहीतरी लिहावं लागेल.