पिठूळ सफरचंदाचं काय करावं

दुपारी फ्रिज उघडला की खालच्या ट्रेमध्ये ती दिसतात, फोमच्या पांढऱ्या जाळीसकट. आपल्या मराठवाड्यात सफरचंद घरच्यांना खावंसं वाटलं म्हणून कमीच येतं. ते बहुतेक दवाखान्याच्या वाटेवर विकत घेतलं जातं. ॲडमिट असलेल्याला बघायला रिकाम्या हातानं जाता येत नाही. केळी काळी पडतात, डाळिंब सोलत बसायला कुणाला वेळ नसतो, मग राहिलं काय, सफरचंद. पेशंटला डॉक्टरांनी मऊ भात सांगितलेला असतो. तो बरा होऊन घरी येतो आणि त्याच्यासोबत तीन पिशव्या येतात. पहिली संपते, दुसरीतली अर्धी शेजारी जातात, तिसरी फ्रिजमध्ये मुक्काम करते. पंधरा-वीस दिवसांनी त्यातलं एखादं कापावं, तर कर्रकन आवाज येत नाही. दाताला पीठ लागतं. लेकरं एक फोड खाऊन ताटली सरकवतात.

असं सफरचंद सुकलेलं असतं हा समज खोटा आहे. त्यात रस असतोच. फळ जुनं होत जातं तसं पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन विरघळतं. मग चावल्यावर पेशी फुटत नाहीत, नुसत्या सुट्या होतात, आणि रस आतच अडकून राहतो. जिभेला कोरडं लागतं ते म्हणून. हेच फळ तापवलं की पेशी फुटतात आणि सगळं पाणी बाहेर येतं. सफरचंदाचं गरम पुडिंग, म्हणजे खाली शिजलेल्या फोडी आणि वर केक, करणाऱ्यानं एवढी एक गोष्ट ध्यानात ठेवली तरी अर्धी नासाडी टळते.

उरलेली अर्धी नासाडी गोडपणामुळे होते. इंग्रजांच्या घरचा हा प्रकार ज्या फळावर उभा आहे ते ब्रॅमली नावाचं सफरचंद. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी 1809 साली पेरलेल्या एका बीपासून ते निपजलं. इतकं आंबट, की कच्चं कुणी खात नाही, आणि शिजलं की त्याचा मऊ गर होतो. आपल्याकडे कुलू खोऱ्यात इंग्रजांनी लावलेली सफरचंदंही आधी आंबटच होती. मग 1916 च्या सुमारास सॅम्युएल स्टोक्स या अमेरिकी गृहस्थानं शिमल्याकडच्या कोटगढला गोड डिलिशस जातीची रोपं आणली. पुढे 1932 मध्ये हे गृहस्थ हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद झाले. आपल्या लोकांना ते गोड फळ असं आवडलं की बाजारात त्याचंच राज्य झालं. आज छत्रपती संभाजीनगरच्या जाधववाडी बाजारात उतरणाऱ्या हिमाचलच्या आणि काश्मीरच्या पेट्यांत मुख्यतः तीच लाल, गोड, कमी आंबट जात असते. खायला छान. पण इंग्रजी कृती जशीच्या तशी उचलून या फळावर लावली की साखरेच्या पाण्यात भिजलेला केक हाती येतो, आणि मग दोष ओव्हनला दिला जातो.

तर आंबटपणा आपण वरून घालायचा. मध्यम आकाराची चार सफरचंदं म्हणजे साधारण 600 ग्रॅम; सालं आणि बियांचा भाग काढून साडेचारशे ग्रॅमच्या आसपास उरतात. सालं काढाच. वरच्या मेणाची भीती बाळगायची गरज नाही. पण लाल डिलिशसची साल जाड असते, शिजत नाही आणि दातात गुंडाळी होऊन बसते. फोडी एक सेंटिमीटर जाडीच्या. यापेक्षा पातळ केल्या तर चटणी होते. एका रसदार कागदी लिंबाचा रस, तीन मोठे चमचे साखर, अर्धा लहान चमचा दालचिनीची पूड, चिमूटभर मीठ. बाजारात हिरवं सफरचंद परवडत असेल तर तीन लाल आणि एक हिरवं हे उत्तम. मग लिंबू अर्धं पुरतं. उन्हाळ्यात मोठा चमचाभर किसलेली कैरी घातली तर लिंबू लागतच नाही, आणि खरं सांगायचं तर ती चव लिंबापेक्षा सरस. दालचिनी मात्र जपून. किराणा दुकानात मिळते ती बहुधा जाड, खडबडीत सालीची असते आणि तिखट लागते. पुरणात घालतो तसं थोडं जायफळ तिच्या जोडीला दिलं की तिचा तोरा उतरतो.

या फोडी थेट भांड्यात घालून वर पीठ ओतायचं नाही. आधी कढईत मोठा चमचाभर लोणी टाकून त्या परतायच्या. चार-पाच मिनिटं झाकण ठेवून, म्हणजे पाणी सुटेल. मग झाकण काढून ते पाणी जवळजवळ आटेपर्यंत. फोड सुरीनं टोचली तर आत जावी, पण तुटू नये. गूळ घालणार असाल तर तो या टप्प्यावर, आणि पाणी आटवायला दोन-तीन मिनिटं जास्त धरा.

वरचा केक दोन प्रकारांनी होतो. अंडी चालत असतील तर हिशेब सोपा: लोणी, साखर, मैदा प्रत्येकी 100 ग्रॅम, दोन अंडी, एक लहान चमचा बेकिंग पावडर. लोणी-साखर फेसायची, अंडी एकेक करून घालायची, मैदा शेवटी हलक्या हातानं. फक्त हे आपल्या मे महिन्यात करू नये. फेसताना लोण्यात हवा धरली जाते ती लोणी वीस अंशांच्या आसपास असताना. बाहेर बेचाळीस असेल तर लोणी वितळतं आणि हवा धरत नाही, कितीही हात मोडून घ्या.

बऱ्याच घरांत श्रावण, मार्गशीर्षातले गुरुवार, घरातली मोठी माणसं असं सगळं सांभाळायचं असतं, म्हणून बिनअंड्याचा. त्याला ऋतू नाही. 150 ग्रॅम मैदा, लहान चमचाभर बेकिंग पावडर, पाव चमचा खायचा सोडा, चिमूटभर मीठ, हे दोनदा चाळायचं. दुसऱ्या भांड्यात अर्धा कप दही, 80 ग्रॅम साखर, 60 ग्रॅम वितळवलेलं लोणी किंवा वास नसलेलं तेल, पाव कप दूध आणि थोडा व्हॅनिला. दही आंबट हवं, पण पाणचट नको. सोडा आंबट दह्याशी भेटला की लगेच वायू सोडायला लागतो; म्हणून कोरडं आणि ओलं एकत्र करायचं ते अगदी शेवटी, ओव्हन तापल्यावर. पाव चमच्याचा अर्धा चमचा सोडा केला तर केक जास्त फुगतो असं वाटतं. फुगतोही, मग खाली बसतो आणि साबणासारखा लागतो. पीठ पळीतून घरंगळत पडेल इतपत सैल असावं, घोटत बसू नये.

सात इंची, तीन इंच उंचीचं भांडं. खाली फोडी गरम असतानाच वर पीठ. गरम फळामुळे पिठाचा तळ लगेच शिजू लागतो. गार आणि ओल्या फळावर तेच पीठ पडलं तर मधे खळीसारखा कच्चा चिकट थर राहतो, जो वरून कितीही सोनेरी दिसला तरी कापल्यावर उघडा पडतो. 180 अंशांवर चाळीस ते पंचेचाळीस मिनिटं. काडी घालून बघायची ती केकच्या जाडीपुरतीच. फळापर्यंत गेली तर ती नेहमीच ओली येणार आणि तुम्ही उगाच भाजत राहणार.

ओटीजीवर, म्हणजे घरच्या छोट्या विजेच्या ओव्हनवर, 180 लिहिलेलं असतं म्हणून आत 180 असतंच असं नाही. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर घ्यावा, सगळे भ्रम फिटतात. त्यात आपल्याकडची वीज. व्होल्टेज 230 चं 190 वर आलं तर रॉडची ताकद साडेसतरा टक्क्यांनी नाही, जवळपास एक तृतीयांशानं कमी होते, कारण उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या हिशेबात घटते. दिवा थोडा मंद दिसतो एवढंच. केकला मात्र ते चांगलंच समजतं. गावाकडे म्हणूनच ओव्हन आधी वीस-पंचवीस मिनिटं तापवावा. भाजायला ठेवून अर्धा तास झाल्यावर लाइट गेली तर दार उघडायचं नाही. आतल्या उष्णतेवर पुष्कळदा काम होऊन जातं. दहाव्या मिनिटाला गेली तर केक बसणार. सोड्यानं एकदा सोडलेला वायू परत येत नाही.

यावरून बेकरीच्या भट्ट्या आठवतात. दिवाळीच्या आधी मैदा, साखर, तूप आणि पत्र्याचा रिकामा डबा घेऊन बेकरीत जायचं, नंबर लावायचा आणि नानकटाई भाजून आणायची, ही पद्धत तालुक्याच्या गावांत पुष्कळ वर्षं होती. दुपारभर ओट्यावर लेकरं बसलेली, कुणाचा ट्रे आत आहे यावरून भांडणं, आणि घरी येईपर्यंत डब्यातल्या दहा-बारा कमी झालेल्या. विटांची ती भट्टी एकदा तापली की तासन्‌तास सगळीकडून सारखी उष्णता देते, लाइट असो नसो. त्या भट्टीत कुणी सफरचंदाचं पुडिंग भाजलं नाही, ही हळहळ वाटण्यासारखी गोष्ट आहे. पण तेव्हा सफरचंद भाजायला उरायचंच कुठे.

वर केकऐवजी चुरा घालायची रीतही आहे, आणि इथे आपण इंग्रजांच्या पुढे जाऊ शकतो. चुरा कुरकुरीत राहायचा तर पिठात चिवटपणा नको. ज्वारीत तो नसतोच. भाकरी थापताना कडा फुटतात त्या त्यामुळेच. 100 ग्रॅम मैद्याला 50 ग्रॅम ज्वारीचं पीठ, 60 ग्रॅम साखर आणि 60 ग्रॅम थिजलेलं रवाळ साजूक तूप बोटांच्या टोकांनी चोळायचं. लोण्याच्या कृतीत 75 ग्रॅम लिहिलेलं असतं. लोण्यात सोळा-सतरा टक्के पाणी असतं, तुपात नसतं, म्हणून तूप पाचव्या हिश्श्यानं कमी. वर मूठभर शेंगदाणे भरड करून, पण कच्चे. भाजलेल्याचं कूट घातलं तर ओव्हनमध्ये ते दुसऱ्यांदा भाजलं जाऊन कडू होतं. येळवशीच्या, म्हणजे मार्गशीर्ष अमावस्येच्या सुमाराला, परभणीचा घसरलेला पारा रोज पेपरात यायला लागतो तेव्हा, हा प्रकार केकपेक्षाही बरा लागतो.

सोबत गरम कस्टर्ड. अर्धा लिटर दुधाला दोन मोठे चमचे पावडर, आधी गार दुधात कालवून. ही पावडर 1837 मध्ये बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड नावाच्या औषधविक्रेत्यानं काढली, कारण त्याच्या बायकोला अंडी सोसत नव्हती. तिला यीस्टही सोसत नव्हतं, म्हणून 1843 मध्ये त्यानं बेकिंग पावडर केली. आपल्या बिनअंड्याच्या पुडिंगच्या वर आणि खाली, दोन्हीकडे त्या बाईंचं पथ्य आहे. कस्टर्ड आवडत नसेल तर कुंथलगिरीचा थोडा खवा गरम दुधात विरघळवून पातळसर ओता. साखर मग कमी.

ओव्हन नसेल तर जुना कुकर. रबर आणि शिटी काढायची, पाणी घालायचं नाही, तळाला अर्धा इंच जाड मीठ, त्यावर स्टँड, बारीक गॅसवर दहा मिनिटं तापवून मग भांडं आत. कडेनं बोटभर जागा सुटली पाहिजे, आणि भांडं ॲल्युमिनियमचं घ्यावं, काचेचं नको. पन्नास मिनिटांच्या आसपास लागतात. केक होतो, मऊ होतो, पण वरून लाल होत नाही, कारण उष्णता खालून येते. चुऱ्याचा प्रकार कुकरमध्ये करायच्या भानगडीत पडू नये. ते मीठ गार झालं की डब्यात भरून ठेवा, परत परत चालतं. डब्यावर चिठ्ठी लावा. चिठ्ठी वाचून डबा उघडायची पद्धत आपल्या घरांत नाही, पण लावा.