दोन गुणांचं दुर्बलावरण

आठवीच्या भूगोलाचे पेपर तपासताना बहुतेक उत्तरं वाचावी लागतच नाहीत. वाक्य पुस्तकातलं, फक्त अक्षर निराळं. सामाईक परीक्षा असली की आदर्श उत्तरपत्रिका सोबत येते आणि तिच्याबाहेर गुण द्यायचे नसतात. दुर्बलावरण म्हणजे पृथ्वीच्या पोटात, कठीण बाह्य थराच्या लगेच खाली असलेला थर. विधान होतं, 'दुर्बलावरण हा द्रवाचा थर आहे.' अपेक्षित उत्तर : बरोबर, कारण तिथून शिलारस येतो.

एका मुलीनं 'चूक' लिहिलं होतं. कारण असं : भूकंपाच्या दुय्यम लहरी द्रवातून जात नाहीत, म्हणून त्या २९०० किलोमीटरवर बाह्य गाभ्यापाशी अडतात. दुर्बलावरण तर त्याच्या कितीतरी वर आहे. ते द्रव असतं तर लहरी तिथंच अडल्या असत्या, गाभ्यापर्यंत पोचल्याच नसत्या.

हे कुठल्याही गाइडात नाही. धड्यातल्या दोन लांबच्या गोष्टी तिनं स्वतः जोडल्या होत्या. मी दोनपैकी दोन दिले.

तपासलेले पेपर पुन्हा पाहणाऱ्या नियामक सरांनी ते खोडून शून्य केलं. "मॅडम, पांडवलेण्यांचा डोंगर लाव्हाचाच ना? खाली रस नसता तर नाशकात एवढा काळा पाषाण आला कुठून?" प्रश्न रास्त होता. पण उत्तर ऐकायला ते थांबले नाहीत, आणि नियामकानं तेवढं तरी थांबायला हवं.

साधारण शंभर किलोमीटरखाली, दुर्बलावरणात, तापमान १३०० अंश सेल्सिअसच्या आसपास असतं. खडक वितळायच्या बेतात असतो, पण दाब त्याला घन ठेवतो. रस असलाच तर कणांच्या सांध्यांत, अगदी थोडा. भट्टीतून काढलेलं लालबुंद लोखंड घन असूनही घणाखाली आकार बदलतं, तसा हा खडक दाबाखाली अतिशय सावकाश वाहतो. त्याच्यावरूनच भारताचं भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर सरकतं. दुय्यम लहरी इथं मंदावतात, थांबत नाहीत. आणि सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा आपला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, आधीपासून साठलेल्या रसाच्या थरातून आलेला नाही. खोलवरचा तप्त खडक घनरूपातच वर चढला, वरचा दाब कमी झाला आणि त्यामुळे त्याचा काही भाग वितळला. पांडवलेण्यांचा खडक त्या मुलीच्या विरोधात साक्ष देतच नाही.

मी लेखी अर्ज दिला. आता समितीतल्या एक बाई म्हणतात, प्रश्न रद्द करून सगळ्यांना सरसकट दोन गुण देऊ, वाद मिटेल. वाद मिटेल, पण पाठ केलेलं 'बरोबर' आणि तिनं विचार करून लिहिलेलं 'चूक' एकाच रांगेत बसेल. उलट, ज्यांनी पुस्तकावर विश्वास ठेवला त्या चाळीसेक मुलांचे गुण कापायचे, तर त्यांचा तरी काय दोष? हे मला अजून सुटलेलं नाही. अर्जात मात्र एवढंच मागितलं आहे, की तिचं उत्तर समितीनं बैठकीत मोठ्यानं वाचावं आणि मग गुण ठरवावेत.